छपराखालची खाऊगल्ली

आशियातील कोणत्याही शहरात गेलेल्या मराठी पर्यटकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. हॉटेलातील न्याहारी आणि सहल कंपनीने ठरवून दिलेले रात्रीचे भारतीय जेवण यांच्या मधल्या वेळेत बाहेर काय खावे? मुळात खावे की नाही? कढईतून येणारा खमंग वास एकीकडे ओढत असतो आणि परक्या मुलखात पोट बिघडण्याची धास्ती दुसरीकडे. मग बहुतेक जण घरून नेलेल्या लाडू-चिवड्यावर वेळ मारून नेतात आणि त्या देशाची खरी चव न घेताच परततात.

बँकॉक, पेनांग, हनोई, तैपेई ही सारी शहरे रस्त्यावरच्या खाण्यासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु हे खाणे स्वस्त राहावे, स्वच्छही असावे आणि विक्रेत्याचे पोटही भरावे, या तिहेरी कोड्याचे सर्वांत पद्धतशीर उत्तर शोधले ते सिंगापूरने. त्या उत्तराचे नाव 'हॉकर सेंटर', म्हणजे फेरीवाल्यांना एका छपराखाली आणून वसवलेली खाऊगल्ली. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मात्र जगाने गौरवलेली ही व्यवस्था आज एका अवघड वळणावर उभी आहे. तिथले ताट स्वस्त कसे झाले आणि त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हे समजून घेतले तर तिथे जाणाऱ्याचा घास अधिक चवदार होईल आणि आपल्या शहरांनाही त्यातून काही घेता येईल.

रस्त्यावरून छपराखाली

१८१९ मध्ये इंग्रजांनी सिंगापुरात व्यापारी ठाणे वसवले, तेव्हापासून दक्षिण चीन, तामिळनाडू, मलाया आणि जावा येथून माणसांचे लोंढे येत राहिले. गोदीत ओझी वाहणारे, रिक्षा ओढणारे, बांधकामावर राबणारे हे बहुतांश एकटे पुरुष होते. त्यांच्या दाटीवाटीच्या खोल्यांत स्वयंपाकाची सोय नव्हती. त्यांची भूक भागवली ती कावडीवर दोन्हीकडे चूल आणि भांडी लटकवून फिरणाऱ्या फेरीवाल्यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर बेकारी वाढली तशी त्यांची संख्याही वाढली. कमी भांडवलात सुरू होणारा दुसरा धंदाच नव्हता.

शहराच्या दृष्टीने मात्र ही डोकेदुखी होती. वाहत्या पाण्याची सोय नसल्याने बश्या एकाच बादलीत विसळल्या जात. खरकटे गटारात आणि गटार नदीत. पटकी आणि विषमज्वर यांची भीती कायमची. १९५० मध्ये फेरीवाल्यांच्या प्रश्नाची चौकशी करणाऱ्या आयोगाने अहवाल सादर केला, पण खरी हालचाल झाली ती १९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झाल्यानंतर. १९६८-६९ मध्ये संपूर्ण बेटावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी करून सुमारे १८ हजार जणांना परवाने देण्यात आले. आधी मोजणी, मग परवाना आणि त्यानंतर पर्यायी जागा, हा क्रम महत्त्वाचा आहे. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने एकामागून एक हॉकर सेंटरे बांधली आणि नोंदलेल्या फेरीवाल्यांना तिथे गाळे दिले. १९७७ मध्ये सिंगापूर नदीच्या शुद्धीकरणाची दहा वर्षांची मोहीम सुरू झाली, तेव्हा नदीकाठच्या परिसरातील सुमारे पाच हजार विक्रेत्यांचे स्थलांतरही याच मार्गाने झाले.

सारे काही गोडीगुलाबीने घडले असे नाही. रस्त्यावरच्या विक्रेत्याला भाडे नसते आणि गिऱ्हाईक आपोआप पायाखाली येते. गाळ्यात गेल्यावर दोन्ही गणिते बदलतात. काही जुन्या जागांवर पाणीही सोडावे लागले. ऑर्चर्ड रोडवरील दिवसाच्या वाहनतळाचे सायंकाळी खाऊगल्लीत रूपांतर होत असे. 'ग्लटन्स स्क्वेअर' या नावाने गाजलेली ती जागा १९७८ मध्ये बंद झाली. तरीही स्थलांतर टिकले, कारण नव्या जागा निवडताना सरकारने एक शहाणपण दाखवले. बहुसंख्य सिंगापूरकर सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. हॉकर सेंटरे त्या वसाहतींच्या मधोमध, बहुतेकदा भाजी-मासळीच्या मंडईला लागूनच उभारण्यात आली. त्यामुळे विक्रेत्याला सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत शेजारपाजारचे गिऱ्हाईक मिळाले. पर्यटक नंतर आला. ही केंद्रे मुळात त्याच्यासाठी नव्हतीच.

स्वच्छतेचे गणित

आज बेटावर अशी ११० हून अधिक केंद्रे आणि त्यांत सुमारे सहा हजार खाद्यगाळे आहेत. रचना साधी असते. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या, कडेने आणि मधून गाळ्यांच्या रांगा आणि सर्वांसाठी सामाईक टेबले. प्रत्येक गाळ्याला नळाचे पाणी, वीज आणि सांडपाण्याची वाहिनी. गाळ्याचा आकार जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढा. त्यामुळे विक्रेता एक किंवा दोनच पदार्थ करतो, पण तेच पदार्थ वर्षानुवर्षे करून त्यात पारंगत होतो. इथल्या चवीचे मोठे रहस्य या मर्यादेत आहे. शंभर पदार्थांचे मेनूकार्ड ठेवणाऱ्या उपाहारगृहाला हे साधणे कठीण.

१९९७ पासून अनेक वर्षे प्रत्येक गाळ्याच्या दर्शनी भागी 'ए' ते 'डी' अशी स्वच्छतेची श्रेणी लावण्याची पद्धत होती. गिऱ्हाइकाला ती पाहून निवड करता येई. पण नियम आणि नळ असले म्हणजे धोका पूर्ण टळतो असे नव्हे. एप्रिल २००९ मध्ये गेलांग सेराई येथील तात्पुरत्या मंडईत एका गाळ्यावरील 'भारतीय रोजक' खाऊन दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. कच्च्या मासळीतील जंतू तयार पदार्थांत मिसळल्याचा निष्कर्ष त्या वेळी निघाला. त्यानंतर स्वच्छतेची तपासणी अधिक काटेकोर झाली.

आशियात कुठेही उपयोगी पडेल असा धडा यातून मिळतो. बाहेरचे खाणे धोकादायक ठरते ते बहुधा तीन कारणांनी: शिजवलेले अन्न कोमट अवस्थेत तासन्तास पडून राहणे, कच्चे व शिजलेले यांची सरमिसळ होणे आणि पाणी व हात अस्वच्छ असणे. म्हणून डोळ्यांदेखत कढईतून वाफाळत निघणारा पदार्थ हा काचेमागे मांडून ठेवलेल्या आकर्षक पदार्थापेक्षा सुरक्षित. जिथे स्थानिकांची रांग आहे तिथे माल पडून राहत नाही, म्हणून रांगेत उभे राहणे शहाणपणाचे. सिंगापुरात नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. त्यामुळे शीतपेये आणि बर्फ यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. हा दिलासा आशियातील सर्वच शहरांत मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

एका मांडवात अर्धा आशिया

हॉकर सेंटरमधून एक चक्कर मारली की सिंगापूरचा इतिहास ताटात वाचता येतो. सर्वांत प्रसिद्ध पदार्थ 'हैनानी चिकन राइस'. दक्षिण चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी तो आणला आणि इथल्या हवेत वाढवला. मंद आचेवर पाण्यात शिजवलेली कोंबडी, त्याच पाण्यात आले-लसूण घालून शिजवलेला भात आणि सोबत मिरचीची आंबट-तिखट चटणी. भाताला सुगंध यावा म्हणून त्यात पांदानची पाने घालतात. आपल्याकडे काही जण अंगणात लावतात ती अन्नपूर्णेची पाने हीच. दिसायला फिकट असलेला हा पदार्थ भातावर प्रेम करणाऱ्या कोकणी माणसाला लगेच कळावा असा आहे.

'लाक्सा' हे नारळाच्या दुधातील मसालेदार, शेवयांचे कालवण चिनी आणि मलय घराण्यांच्या मिश्रणातून घडलेल्या पेरानाकन समाजाची देणगी. कोळशावर भाजून शेंगदाण्याच्या दाट चटणीबरोबर खायचे 'साते' मलय आणि जावानी. 'कॅरट केक' या नावाने मात्र फसू नये. तो गोड नसतो आणि त्यात गाजरही नसते. किसलेला पांढरा मुळा व तांदळाचे पीठ एकत्र वाफवून केलेल्या वड्या अंड्याबरोबर तव्यावर परततात. मुळा आणि गाजर यांना चिनी बोलीत मिळतीजुळती नावे असल्याने हे इंग्रजी बारसे झाले.

भारतीय छापही ठळक आहे. तमिळ मुस्लिमांनी आणलेला परोटा इथे 'रोटी प्राटा' झाला आणि डाळीच्या किंवा मासळीच्या रश्श्याबरोबर न्याहारीला खाल्ला जाऊ लागला. 'मी गोरेंग' या परतलेल्या लालसर नूडल्सचा आजचा अवतारही भारतीय मुस्लिमांच्या हातचा. त्याहून गमतीची कथा 'फिश हेड करी'ची. चिनी गिऱ्हाइकांना माशाचे डोके आवडते हे हेरून केरळमधून आलेल्या एका हॉटेलचालकाने १९४९ च्या सुमारास ते दाक्षिणात्य रश्श्यात सोडले, असे सांगितले जाते. आज सिंगापूरचे सर्व समाज या पदार्थावर हक्क सांगतात. असे पदार्थ भारतात सापडत नाहीत आणि चीनमध्येही नाहीत. चार समाज एका छपराखाली शेजारी-शेजारी चूल पेटवतात तेव्हाच ते जन्माला येतात.

कुठे जावे? चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये दोनशेहून अधिक खाद्यगाळे असून ते आकाराने सर्वांत मोठे केंद्र आहे. मॅक्सवेल फूड सेंटर चिकन राइससाठी प्रसिद्ध. लिट्ल इंडियातील तेक्का सेंटरमध्ये दाक्षिणात्य बिर्याणीपासून प्राटापर्यंत सारे मिळते आणि मंडईत कढीपत्त्यासह सारी भाजीही. लाउ पा सात ही १८९४ मधील ओतीव लोखंडाची अष्टकोनी मंडई वास्तुकलेसाठीही पाहावी. सायंकाळी तिच्या शेजारचा रस्ता बंद करून सातेच्या शेगड्या पेटतात. मात्र हे ठिकाण खासगी व्यवस्थापनाखालील आणि पर्यटकांच्या वाटेवरचे असल्याने दर वसाहतींतील केंद्रांपेक्षा चढे असतात. शक्य असल्यास मेट्रोने दोन-चार स्थानके पुढे जाऊन एखाद्या साध्या वसाहतीतील केंद्र गाठावे.

टेबलावरचा कागदी रुमाल

इथले काही रिवाज माहीत असलेले बरे. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट किंवा छत्री एकटीच पडलेली दिसली तर ती कोणी विसरलेली नसते. ती जागा 'चोप' केलेली, म्हणजे राखून ठेवलेली असते. आधी जागा धरायची आणि मग गाळ्यांपुढे रांग लावायची, ही पद्धत. चौघांनी चार गाळ्यांवरून चार पदार्थ आणून मधोमध ठेवणे हीच खाण्याची उत्तम रीत. बक्षिसी देण्याची प्रथा नाही. काही गाळे केवळ दुपारपर्यंत, तर काही फक्त रात्री उघडे असतात. थोडी रोख रक्कम जवळ असावी.

कॉफी मागवण्याची इथे स्वतंत्र भाषाच आहे. नुसते 'कोपी' म्हटले की आटवलेले गोड दूध घातलेली कडक कॉफी येते. 'कोपी ओ' म्हणजे दुधाविना, पण साखरेसह. 'कोपी सी' म्हणजे आटवलेले बिनगोड दूध आणि वेगळी साखर. साखर अजिबात नको असेल तर 'कोसोंग' हा मलय शब्द जोडावा, कमी हवी असेल तर 'सिऊ दाई' आणि बर्फ हवा असेल तर 'पेंग'. चहाला 'तेह' म्हणतात आणि त्यालाही हीच शेपटे लागतात. मधुमेहींनी 'कोपी ओ कोसोंग' एवढे तीन शब्द पाठ करून ठेवले तरी काम भागेल.

खाऊन झाल्यावर ट्रे व खरकटी भांडी ठरलेल्या घडवंचीवर नेऊन ठेवणे हा आता केवळ शिष्टाचार राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरांमध्ये या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वेळी लेखी ताकीद आणि पुन्हा चूक झाल्यास ३०० सिंगापूर डॉलर दंड, अशी तरतूद आहे. हलाल आणि इतर भांड्यांसाठी वेगवेगळ्या घडवंच्या असतात. पाटी पाहूनच ट्रे ठेवावा. एकाच मांडवात सर्व धर्मांचे लोक निःशंकपणे जेवू शकतात त्यामागे अशा बारीकसारीक व्यवस्था आहेत.

शाकाहारींनी काय करावे?

'मांस नको' एवढे सांगून इथे भागत नाही. भाज्यांच्या परतणीत 'बेलाचान' म्हणजे आंबवून वाळवलेल्या जवळ्याचा गोळा सर्रास पडतो. नूडल्सवर डुकराच्या चरबीचे तुकडे भुरभुरले जातात आणि लाल चटणीत सुकी मासळी असू शकते. हिरवीगार भाजी दिसली तरी तिचा रस्सा शाकाहारी असेलच असे नाही. म्हणून मिश्र गाळ्यावर प्रश्न विचारत बसण्यापेक्षा पूर्ण शाकाहारी गाळा शोधावा. बहुतेक मोठ्या केंद्रांत चिनी बौद्ध परंपरेचा एखादा असा गाळा असतो. तिथे सोयाबीन आणि गव्हाच्या प्रथिनांपासून बनवलेले, दिसायला थेट मांसासारखे पदार्थ मांडलेले असतात. ते पाहून दचकू नये. या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. मात्र बटाटा, गाजर चालते आणि काही ठिकाणी अंडे वापरतात, हे जैन प्रवाशांनी विचारून घ्यावे. याखेरीज लिट्ल इंडियात १९४७ पासून चालू असलेल्या कोमल विलाससारख्या दाक्षिणात्य शाकाहारी खाणावळी आहेतच.

स्वस्त ताटाची किंमत

जुलै २०१६ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने सिंगापुरातील दोन हॉकर गाळ्यांना प्रत्येकी एक तारा बहाल केला. त्यांपैकी चायनाटाउन कॉम्प्लेक्समधील सोया सॉस कोंबडी-भाताचे ताट तेव्हा अवघे दोन डॉलर होते. जगातील सर्वांत स्वस्त तारांकित जेवण म्हणून त्याचा गाजावाजा झाला. परंतु ती बातमी उलट बाजूनेही वाचता येते. पहाटेपासून चुलीपुढे उभे राहणाऱ्या, जागतिक दर्जाचे काम करणाऱ्या कारागिराला एका ताटामागे दोन डॉलर मिळत होते.

हे दर कमी राहिले त्यामागे भाड्याचे धोरण आहे. रस्त्यावरून आणलेल्या पहिल्या पिढीच्या विक्रेत्यांना सरकारने सवलतीचे भाडे लावले. ते महिन्याला दोनशे ते चारशे डॉलरांच्या दरम्यान राहिले. नंतर आलेल्यांना मात्र गाळा निविदा भरून घ्यावा लागतो. ज्याची बोली अधिक त्याला गाळा. बहुतेकांचे भाडे आवाक्यात असले तरी मोक्याच्या जागी चढाओढ होते. २०२४ मध्ये मरीन परेड येथील एका गाळ्यासाठी महिन्याला दहा हजार डॉलरांहून अधिक बोली लागली आणि त्यावरून बराच गहजब झाला. म्हणजे एकाच छपराखाली शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन विक्रेत्यांच्या भाड्यात कित्येक पटींचा फरक असू शकतो. पण गिऱ्हाईक दोघांकडूनही जवळपास त्याच दराची अपेक्षा ठेवते. उपाहारगृहात वीस डॉलर खुशीने मोजणारा माणूस हॉकर गाळ्यावर पन्नास सेंट वाढले की कुरकुरतो, ही तिथल्या विक्रेत्यांची जुनी तक्रार आहे.

याचा परिणाम उघड आहे. हॉकरांचे सरासरी वय साठीच्या आसपास पोचले आहे. दिवसाचे बारा-चौदा तास उकाड्यात उभे राहून काढलेल्या पैशांतून त्यांनी मुलांना शिकवले आणि शिकलेली मुले वातानुकूलित कचेऱ्यांत गेली. म्हातारा विक्रेता निवृत्त होतो तेव्हा पाट्यावरच्या वाटणाचा अंदाज आणि कढईखालच्या जाळाची जाण त्याच्याबरोबर जाते. कागदावर लिहिलेली कृती त्याची जागा घेऊ शकत नाही. सरकारने २०१८ मध्ये नवशिक्यांसाठी कमी भाड्याचे उमेदवारी गाळे, २०२० मध्ये प्रशिक्षण कार्यक्रम आणि २०२२ मध्ये निवृत्त होणाऱ्या हॉकरची विद्या बिगरवारस शिष्याकडे सोपवण्याची योजना सुरू केली. पाव शतक थांबलेले नव्या केंद्रांचे बांधकामही २०११ च्या घोषणेनंतर पुन्हा सुरू झाले. परंतु नव्या केंद्रांचे व्यवस्थापन बाहेरच्या संस्थांकडे दिल्याने विक्रेत्यांवर जादा आकार लादले जातात, अशी टीका २०१८ मध्ये झाली आणि काही अटी सैल कराव्या लागल्या. इमारत बांधणे हा तुलनेने सोपा भाग होता. तिच्यात चूल पेटवणारा माणूस टिकवणे अवघड ठरत आहे.

इतरत्र आणि आपल्याकडे

शेजारच्या शहरांशी तुलना केली की सिंगापूरच्या प्रयोगाचे मोल कळते. हाँगकाँगने रस्त्यावरच्या 'दाई पाई दोंग' भटारखान्यांना नवे परवाने देणे थांबवले आणि जुने परवाने वारसांकडे जाण्याच्या वाटाही अरुंद केल्या. आज तिथे त्यांतील मोजकेच उरले आहेत. बँकॉकने २०१४ नंतर अनेक पदपथ मोकळे केले. २०१७ मध्ये त्यावरून जगभर ओरड झाल्यावर याओवारात आणि खाओ सान रोड हे भाग राखले जातील असे प्रशासनाने सांगितले. म्हणजे पर्यटकांचे खाणे वाचले, पण कचेरीबाहेर दुपारचे जेवण घेणाऱ्या अनेक कारकून-कामगारांचे ठिकाण हरवले.

आपल्याकडे २०१४ मध्ये पथविक्रेता संरक्षण कायदा झाला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, प्रमाणपत्र आणि ठरावीक विक्री क्षेत्रे ही त्याची चौकट सिंगापूरच्या १९६८ च्या क्रमाशी बरीच जुळते. फरक आहे तो पुढच्या पावलात. सिंगापूरने परवान्यापाठोपाठ नळ, गटार आणि गिऱ्हाइकाच्या वाटेवरची जागा दिली. आपल्या शहरांत पदपथ मोकळा हवा असलेला पादचारी आणि त्याच पदपथावर वडापाव घेणारा गिऱ्हाईक हे अनेकदा एकच असतात, तरी या दोन गरजा परस्परविरोधी मानून कारवाई आणि पुनरागमन यांचा खेळ चालू राहतो.

सिंगापुरात गेलात तर एखाद्या वसाहतीतील केंद्रात अवश्य जा. रांगेत उभे राहा, कोपी ओ मागवा, ट्रे जागेवर ठेवा. आणि ताटाची किंमत गेल्या खेपेपेक्षा एखाद्या डॉलरने वाढलेली दिसली तर कुरकुरू नका. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्या गाळ्याची चूल पेटलेली असावी, एवढीच त्या डॉलरमागची मागणी आहे.